नदीचं मूळ, शेवाळाचं कूळ

चतुर्थी आठ दिवसांवर आली की कुडाळच्या घराघरांत एक काम न सांगता निघतं. खळ्यातलं आणि पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडायचं. गणपती घरात येतो तो ह्याच जांभ्याच्या पायऱ्यांवरून. मूर्ती धरणाऱ्याचा पाय सटकला तर, ह्या वाक्याचा पुढचा भाग आमच्याकडे कोणी बोलत नाही. यंदा मामा पत्र्याचा तुकडा आणि खराटा घेऊन बसले तेव्हा धाकटी पुण्याहून आलेली होती. माझी ही बहीण कॉलेजात शेवाळं शिकवते. मामांची पोफळीची बाग आहे, वरच्या अंगाला थोडे हापूस, आणि भंगसाळ नदीच्या बाजूला भाताचे कुणगे. मामा ज्याच्यावर औषध मारतात त्याच्यावर ती माया करते, इतकं दोघांना एकमेकांबद्दल ठाऊक आहे. मी मधल्या पायरीवर चहा घेऊन बसलो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांवर आलं.

मामा : बाय, थंय उभी रवू नको. पडशीत.

धाकटी : मामा, खरवडायच्या आधी एकदा बघू दे. इथं तिघं जण राहतायत.

मामा : तिघां? माका एकच दिसता. शेवाळ.

धाकटी : पायरीच्या कडेला तो काळपट पापुद्रा आहे ना, ऊन पडलं की पापडासारखा सुटतो, तो एक. मध्ये बुळबुळीत हिरवं, ते दुसरं. आणि भिंतीवर ही नारिंगी मखमल. तिघांची एकमेकांशी ओळख सांगायची तर काळपट तो शेवाळच नव्हे. नील-हरित शेवाळ म्हणतात त्याला, पण तो जिवाणू. त्याच्या पेशीत केंद्रकच नाही. आणि हे नारिंगी आहे ना, ते हिरव्या शेवाळांपैकी.

मामा : नारिंगी ता हिरवा?

धाकटी : हरितद्रव्य आहेच त्याच्यात. पण गाजरात असतं तसलं रंगद्रव्य ते पेशीत तेलाच्या थेंबांत साठवतं, ऊन सोसावं म्हणून. ट्रेंटेपोलिया नाव त्याचं. २००१ च्या जुलैत केरळात कोट्टायमला लाल पाऊस पडला होता, आठवतं? पाऊस आकाशातल्या उल्केतून आला असंसुद्धा कोणी कोणी म्हणाले. तपासलं तर ह्याच जातकुळीच्या शेवाळाचे बीजाणू निघाले.

मामांनी पत्रा खाली ठेवला आणि म्हण काढली. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये. "शेवाळाचा तर नायच नाय," अशी पुरवणीही जोडली.

आता ही म्हण आपण बहुतेकदा पुढची चौकशी टाळायला वापरतो. मामांचं तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं सरळ आहे आणि मला ते वरवरचं वाटत नाही : जीव कोणाच्या पोटचा हे बघू नये, तो करतो काय ते बघावं. त्यांच्या हिशेबात पाण्यातल्या बारीक जिवांचे तीन ढीग. पाय घसरवणारे. माशांना खायला घालणारे. झाड मारणारे. वाटणी कामावरून. धाकटीचं उलट. तिच्या मते कूळ कळल्याशिवाय काम कळत नाही, निदान पुढच्या वर्षीचं काम तरी नाहीच.

मामा : शाळेत आमका अमिबा शिकवलेलो. आदिजीव. मगे तो खंयचो?

धाकटी : शाळेत पाच सृष्ट्या शिकवतात. जिवाणू, आदिजीव म्हणजे प्रोटिस्टा, कवकं, वनस्पती, प्राणी. ती मांडणी व्हिटाकरची, १९६९ मधली. प्रोटिस्टा हे नाव त्याहून जुनं, जर्मनीच्या हेकेलनं १८६६ मध्ये काढलेलं. पण खरं सांगू? ती सृष्टी नव्हे, आपला माळा आहे. घरात जागा न मिळालेलं सगळं सामान माळ्यावर. पाळणा, तुटका पंखा, आजीची पेटी. शेजारी शेजारी ठेवलं म्हणून पाळणा आणि पंखा भावंडं होत नाहीत. अमिबा, मलेरियाचा जंतू, समुद्रातलं तपकिरी शेवाळ, काचेच्या पेटीत राहणारे डायटम, सगळी माळ्यावर. केंद्रक असलेली पेशी आहे, पण वनस्पती नाही, प्राणी नाही, कवक नाही. "नाही"वरून केलेली जात.

मामा : मगे माळो साफ करूचो.

धाकटी : तेच चाललंय. डीएनए वाचता यायला लागल्यापासून एकेक वस्तू खाली उतरवतायत, आणि गंमत अशी की आपली नात्याची कल्पनाच उलटी झाली. पावसात बांधावर येणारी अळंबी आहे ना, ती कवकं. कवकं ही आपल्या, म्हणजे प्राण्यांच्या, जवळच्या भावकीतली. मालवणच्या खडकांवर हेलकावणारं ते तपकिरी शेवाळ झाडासारखं दिसतं, पण झाडांची भावकी वेगळी, त्याची वेगळी. त्याचे सख्खे चुलत तुमच्याच बागेत आहेत.

मामा : माझ्या बागेत समुद्रातला शेवाळ?

धाकटी : कोळेरोग.

इथे मामांचा हात थांबला. कोकणात पोफळ असलेल्या माणसाला कोळेरोगावर विनोद चालत नाही. जून-जुलैत सलग पाऊस लागला, मध्ये उघडीप-पाऊस उघडीप-पाऊस असा खेळ झाला, की कोवळ्या सुपारीच्या देठाशी पाणी शोषल्यासारखे गडद हिरवे डाग दिसतात, पांढरी बुरशी धरल्यासारखं होतं आणि बुडाखाली सुपाऱ्यांचा सडा. नाव कानडीकडून आलेलं. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० मध्ये त्याच्यावर सविस्तर लिहून ठेवलं. आमच्याकडे कोणी घडांना प्लास्टिक बांधतं, बहुतेक जण बोर्डो मारतात.

मामा : ती बुरशी. कृषीवाले, दुकानवाले, सगळे बुरशीच म्हणतत.

धाकटी : दिसते बुरशीसारखी, वागते बुरशीसारखी. पण फायटॉप्थोरा हा बुरशीचा वेश घेतलेला शेवाळाचा चुलत भाऊ. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची, खेकड्याच्या कवचात असतं ते. ह्याची भिंत मुख्यतः सेल्युलोजसारख्या पदार्थांची. आणि हा पोहतो, मामा. सकाळी मी एक डागाळलेली सुपारी बशीत पाण्यात टाकून ठेवलीय. या.

तिनं पिशवीतून कागदी सूक्ष्मदर्शक काढला. फोल्डस्कोप. मनू प्रकाश ह्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानं अमेरिकेत बनवलेला, पुठ्ठ्याची घडी आणि साबुदाण्याहून लहान भिंग. मामांनी आधी तो उलटा धरला. मग खळ्याच्या उजेडाकडे तोंड करून बराच वेळ काही बोलले नाहीत.

मामा : चिलटां भिरभिरतत तशी कायतरी.

धाकटी : तेच बीजाणू. दोन शेपट्या असतात. एकीला बारीक केसांची झालर, दुसरी साधी. इथं त्या दिसायच्या नाहीत, मोठा सूक्ष्मदर्शक लागेल. पण तशीच झालरीची शेपटी मालवणच्या सरगॅसम शेवाळाच्या नरपेशीला असते. कुळाची खूण ती. पिढ्यानपिढ्या नाक आजोबांसारखं यावं तसं. आणि म्हणून पाऊस लागतो ह्या रोगाला. पाण्याचा पातळ पापुद्रा असल्याशिवाय पोहणार कुठे?

मामा : बरा. पोहता. मगे? मोरचूद आणि चुनो कालवून मारलो की मरता. बोर्डो काढणाऱ्याक ह्या कूळबिळ म्हायत होता?

प्रश्न नेमका होता आणि धाकटीला तो टाळता आला नाही. बोर्डो मिश्रण १८८५ च्या सुमारास फ्रान्सच्या बोर्डो भागात मिलार्दे यांनी द्राक्षांच्या केवडा रोगासाठी सिद्ध केलं. रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडलेला असायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. त्या वेली रोगातून वाचल्या, हे त्यांच्या नजरेला आलं. कूळ कोणी विचारलं नव्हतं. योगायोग असा की केवड्याचा जंतूही फायटॉप्थोराच्याच भावकीतला.

मामा : आणि ह्या बघ. (आंब्याचं एक पान पुढे केलं. त्यावर तांबूस, मखमलीसारखे गोल ठिपके.) ह्या काय? ह्येच्यावरय बोर्डोच मारतंय.

धाकटी : (हसू दाबत) मामा, हे शेवाळ. खरंखुरं हिरवं शेवाळ, पानावर परजीवी झालेलं. सेफाल्युरॉस. भिंतीवरच्या त्या नारिंगीचं अगदी जवळचं, एकाच घराण्यातलं.

मामा : म्हणजे बुरशी म्हटलंय ता शेवाळाचो भाव, आणि तांबेरो म्हटलंय ता शेवाळ. आणि मोरचूद दोघांकय चलता. मोरचूद कूळ विचारणा नाय!

मामांनी चहा मागितला. जिंकलेल्या माणसाला चहा लागतो. पण धाकटीनं एक प्रश्न विचारला : मागच्या पावसात तुम्ही कुठलं तरी महागडं औषध आणून मारलं होतं, त्याचं काय झालं? मामांचा चेहरा पडला. दुकानदारानं "बुरशीवर रामबाण" म्हणून दिलेली बाटली होती. दोन फवारण्या झाल्या, सुपारी गळायची ती गळलीच. धाकटीनं बाटली अजून गोठ्यात आहे का विचारलं, मी जाऊन आणली. तिनं मागचं बारीक अक्षर वाचलं. बुरशी आपल्या पेशीच्या पडद्यासाठी अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ बनवते; हे औषध तो कारखाना बंद पाडतं. फायटॉप्थोराकडे तो कारखानाच नाही. जिथे दिवा नाही तिथे फुंकर मारून काय विझणार? त्याला मेटालॅक्झिलसारखं, त्याच्याच कुळासाठी शोधलेलं औषध लागतं.

मामा : हजारभर रुपये गेले.

धाकटी : कूळ विचारलं असतं तर वाचले असते.

ह्या शब्दावर मामा एकदम वेगळ्याच वाटेला गेले. कूळ म्हटलं की कोकणात दोन गोष्टी. एक वंश. दुसरं, दुसऱ्याची जमीन कसणारा. माझ्या आजोळची ही बाग कुळाची होती. मामांचे वडील खंड घालायचे. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कसणाऱ्याचा दिवस ठरला, आणि काही वर्षं कचेऱ्यांत खेपा घालून सातबारावर त्यांचं नाव चढलं. मामांना "कूळ" हा शब्द वंशाच्या अर्थानं फारसा आवडत नाही ह्याचं कारण तिथे असावं. त्यांच्या घरात ज्या कुळानं फायदा झाला ते कष्टाचं कूळ होतं.

धाकटीनं ते ओळखलं. मला वाटतं त्या दुपारी ती जे सर्वांत चांगलं बोलली ते इथे.

धाकटी : मामा, तुमचं कूळ घेऊनच सांगते. ह्या पायरीवर तिघं म्हटलं ना? काळपट जिवाणू आणि हिरवं शेवाळ. फार फार मागे, शंभर कोटींहून कितीतरी जास्त वर्षांपूर्वी, ह्या काळपटाचा एक पूर्वज एका मोठ्या पेशीनं गिळला. गिळला, पण पचवला नाही. आत ठेवून घेतला. तो उन्हावर साखर बनवायचा, मालक ती खायचा. कूळ झालं ते. त्याच कुळाला आज आपण हरितलवक म्हणतो. पोफळीच्या पानात जे हिरवं आहे, भातात आहे, ते तेच. रशियाच्या मेरेश्कोव्हस्कीनं १९०५ मध्ये हे म्हटलं, लोक हसले. अमेरिकेत लिन मार्ग्युलिसनं १९६७ मध्ये पुन्हा मांडलं, तेव्हा आधी कितीतरी नियतकालिकांनी लेख परत पाठवला होता.

मामा : मगे कूळ सोडून गेला नाय कधी?

धाकटी : जाता येईना. त्याचे जवळजवळ सगळे कागद मालकानं आपल्या कपाटात नेऊन ठेवले. म्हणजे त्याची जनुकं मालकाच्या केंद्रकात गेली. आता त्याला स्वतःचं प्रथिन बनवायचं तरी मालकाकडून मागून घ्यावं लागतं.

मामा : म्हणजे उलटो कूळकायदो! आमच्याकडे मालकाची जमीन कुळाक गेली. हंय कुळाचो सातबारो मालकान खाल्ल्यान.

धाकटी : आणि तिथंच थांबलं नाही. असं कूळ बाळगणारं एक अख्खं लाल शेवाळ पुढे दुसऱ्याच कोणी गिळलं. कुळाच्या पोटात कूळ.

मामा : पोटकूळ!

धाकटी : पोटकूळ. म्हणून डायटमच्या, तपकिरी शेवाळाच्या हरितलवकाभोवती चार पडदे असतात. एकेका मालकानं घातलेलं कुंपण. मोजून सांगता येतं किती वेळा जमीन फिरली.

लाल शेवाळ किती जुनं, ह्याचा एक पुरावा आपल्याच देशात आहे, तो मी मध्ये घालतो कारण त्या दोघांनी घाईत सोडला. चित्रकूटच्या खडकांत १६० कोटी वर्षांपूर्वीचे धागे आणि गाठी सापडल्या, २०१७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी त्या लाल शेवाळाच्या म्हणून प्रसिद्ध केल्या. एकाला रफत आझमी ह्या भारतीय भूशास्त्रज्ञाचं नाव आहे. ते खरंच लाल शेवाळ असेल, तर रामाच्या वनवासाच्या जागी झाडांच्याही आधीचं हिरवं-लाल राज्य होऊन गेलं होतं असं म्हणावं लागेल.

मामांना मात्र चित्रकूटपेक्षा पोटकुळात रस होता. असं कूळ कामाचं राहिलं नाही तर मालक हाकलत नाही का, हा त्यांचा प्रश्न.

धाकटी : नाही हाकलता येत. मलेरियाचा जंतू घ्या. माणसाच्या रक्तात ऊन कुठलं? पण त्याच्याही पेशीत एक जुनं पोटकूळ आहे. लाल शेवाळाचं उरलेलं लवक. हिरवं नाही, साखर बनवत नाही. १९९० च्या दशकात लक्षात आलं की ते काय आहे. ते एक-दोन रसायनं बनवतं आणि त्यांच्यावाचून जंतू जगत नाही. तुम्हाला लावणीच्या दिवसांत आशाताई लेप्टोसाठी गोळ्या देऊन जातात ना?

मामा : डॉक्सी.

धाकटी : ती जिवाणूवर चालते. लेप्टोचा जंतू जिवाणूच. पण तीच गोळी डॉक्टर मलेरिया टाळायलाही देतात. मलेरियाचा जंतू जिवाणू नाही, मग चालते कशी? कारण पोटकुळाचं मूळ जिवाणूत आहे. गोळी बरोबर त्याच्यावर बसते. आणि कशी बसते बघा : जंतूची पहिली पिढी तशीच जगते, मरते ती पुढची. पोटकुळाशिवाय जन्मलेली.

मामा : क्विनाइन तर त्येच्या कितीतरी आधीपासून देतत. रॉस साहेबान डासात जंतू बघितल्यान तो १८९७ मध्ये. त्येच्या आधी लोक साल उकळून पीतच होते.

मामांचं वाचन असं अचानक बाहेर येतं. धाकटी एवढंच म्हणाली की साल उकळून पिणं चालू राहू दे, पण साल चालेनाशी झाली की दुसरं काय शोधायचं ते कूळ सांगतं. मामा हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. पायरी अर्धी झाली होती.

दुसरा चहा आला आणि वाद समुद्राकडे सरकला, जिथे मामांची बाजू जास्त भक्कम. त्यांचं लग्न मालवणच्या गाबीत वस्तीला लागून असलेल्या घरात झालेलं. सासरवाडीच्या रापणीवर त्यांनी दोरी ओढलेली आहे.

मामा : दर्याचो माणूस पाण्याचो रंग बघता. तारली येतली की नाय ता रंगावर. तो कूळ बघीत बसलो तर मासो गोव्याक पोचात.

धाकटी : हे खरं आहे, आणि शास्त्रज्ञांनीही तेच केलं. तारली डायटम खाते. नायर आणि सुब्रह्मण्यन यांनी १९५५ मध्ये लिहिलं की फ्रॅजिलेरिया ओशिॲनिका हा डायटम दिसायला लागला की तारली भरपूर येणार. पावसाळ्यात वारा किनाऱ्याचं पाणी बाहेर ढकलतो, खालचं थंड, खत भरलेलं पाणी वर येतं. केरळ-कर्नाटकाकडे जास्त, आपल्याकडे कमी. त्या खतावर डायटम वाढतात. म्हणून १ जून ते ३१ जुलै जाळी वर असतात तेव्हा समुद्र रिकामा बसलेला नसतो. त्याची पेरणी चाललेली असते.

डायटमबद्दल ती नंतर बराच वेळ बोलली. तिचा तो हळवा कोपरा आहे. एकेका पेशीला काचेची डबी, झाकणासकट, त्यावर सोनाराला न जमेल अशी नक्षी. घाटाच्या वर कोल्हापूर-पन्हाळ्याच्या पाण्यांतले डायटम १९५० च्या दशकात एच. पी. गांधी नावाच्या प्राध्यापकांनी एकेक करून रेखाटले, शेकडो नव्या जाती नोंदवल्या. २०१२ मध्ये कोल्हापूरच्या त्याच डायटमांचा पुन्हा अभ्यास झाला तेव्हा एका जातीला त्यांचं नाव मिळालं, गोंफोनेमा गांधिआय. पृथ्वीवर उन्हापासून जेवढं अन्न बनतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा ह्या काचेच्या डब्यांत बनतो. समुद्रातलं सगळं सूक्ष्म हिरवं मिळून धरलं तर जवळपास निम्मा. यावरून "तुमचा दर दुसरा श्वास समुद्राचा" असं एक वाक्य हल्ली फलकांवर दिसतं. ते मला पटत नाही. समुद्रात बनलेला बहुतेक प्राणवायू समुद्रातलेच जीव वापरून टाकतात. आपण ओढतो तो श्वास कोट्यवधी वर्षांच्या शिलकीतला. शिलकीचं व्याज आणि शिल्लक ह्यांतला फरक सहकारी पतपेढीत खातं असलेल्या माणसाला तरी कळायला हवा.

मामा : आणि दर्यो पेटता तो? देवबागच्या वाळयेवर रातचे लाटो निळे होतत. आता पर्यटक त्येच्यासाठी गाडये करून येतत.

धाकटी : नॉक्टिल्युका. डोळ्याला दिसेल एवढी एकच पेशी, साबुदाण्याच्या दाण्याहून लहान. लाट आपटली की उजळते. आणि मामा, हिच्यापाशी माझंही गणित चुकतं, तुमचंही.

मामा : कसा?

धाकटी : आपल्या किनाऱ्याला जी पाणी लालसर करते तिच्याकडे कूळ नाही, ती शिकार करून खाते. उत्तर अरबी समुद्रात थंडीत वाढते ती हिरवी. तिच्या पोटात हजारो हिरवी सूक्ष्म शेवाळं पोहत असतात, जिवंत. ती साखर बनवतात, ही खाते, वर शिकारही करते. डायटमसुद्धा खाते. जात एकच. कुळावरून बघायला गेले तर दोघी बहिणी. काम मात्र वेगळं. आणि तुमच्या कामाच्या ढिगात टाकायची तर कुठल्या? पेरणाऱ्यांत की खाणाऱ्यांत?

मामा गप्प.

धाकटी : आधी त्या समुद्रात थंडीत डायटम असायचे. आता ही पसरलीय. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेले, मूळचे गोव्याचेच हेल्गा गोम्स आणि जोकिम गोएस, त्यांच्याबरोबर प्रभू माटोंडकर, अशांनी २०१४ मध्ये दाखवलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो तिथे डायटम दमतात, ही मात्र आतल्या कुळांच्या जोरावर टिकते. आणि हिला मासे फारसे खात नाहीत. जेलीफिश आणि साल्प खातात.

मामा : माटोंडकर? आमच्या वेंगुर्ल्याकडचे? माटोंडचे?

धाकटी : मामा! आता कूळ कोण विचारतंय?

हसून मामांच्या हातातला खराटा पडला. मीही हसलो, पण ती दोघं थांबली नाहीत. मामांनी मालवणच्या प्रवाळांचा विषय काढला, कारण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली पर्यटकांना नेणारी पोरं त्यांच्या ओळखीची. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य झालं तेव्हा गावात केवढा विरोध झाला होता हेही त्यांना आठवलं. धाकटी म्हणाली, प्रवाळ हा प्राणी, आणि त्याच्याही अंगात शेवाळाचं कूळ. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा तापलं की मालक आणि कूळ ह्यांचं बिनसतं, शेवाळं बाहेर पडतात, प्रवाळ पांढरा होतो. मालवणला असं झाल्याचं गोव्याच्या संशोधकांनी नोंदवलंय.

मामा : कूळ गेला की मालक उपाशी.

धाकटी : पाणी लवकर निवलं तर कूळ परत येतं कधी कधी.

मामा : आमच्या बापाशीक कोणी काढलो असतो तर तो परत गेलो नसतो.

ह्यावर तिला काही बोलता आलं नाही, आणि बरं झालं.

पायऱ्या झाल्या. काळपट गेलं, हिरवं गेलं. बादलीभर पाणी ओतून मामांनी भिंतीकडे पाठ केली.

धाकटी : नारिंगी ठेवलंत?

मामा : भिंतीवरून कोण चलता?

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. सकाळीच निळ्या पिंपाशी मामा आणि धाकटी वाकलेली. एक किलो मोरचूद वेगळा भिजवलेला, एक किलो चुना वेगळा, दोन्ही मिळून शंभर लिटर करायचं. झाडावर चढणारा पाडेली दोर घेऊन पोफळीशी उभा. मामांनी धाकटीच्या हातात कोयती दिली : बुडव. तिनं पातं बुडवून बाहेर काढलं. लोखंडावर तांबूस पुट चढलं होतं.

"चुनो कमी पडलो," मामा म्हणाले. अजून चुन्याची निवळी ओतली, ढवळलं, कोयती पुसून पुन्हा बुडवली. ह्या वेळी पातं स्वच्छ. पिंप उचलताना पाडेल्याचा तोल गेला आणि निळं पाणी भिंतीवर उडालं, नारिंगी मखमलीवर एक लांब ओघळ. धाकटी पुढे झाली, मग थांबली. खिशातून तिनं खडू काढला आणि ओघळाच्या दोन्ही कडांना रेषा मारल्या.

मामा बघत होते. "चार दिसांनी इलंस तर सांग," ते म्हणाले, "कोणाचा काय झाला ता."